काजू कारखान्यात ईआरपीनेक्स्ट: दोन हंगामांच्या वापरानंतर

वेंगुर्ले तालुक्यातील एका मध्यम आकाराच्या काजू कारखान्यात मी गेली सतरा वर्षे कार्यालय आणि हिशेब पाहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दरवर्षी शुल्क भरून वापरावे लागणारे जुने सॉफ्टवेअर सोडले आणि ईआरपीनेक्स्ट ही मुक्त स्रोत प्रणाली, म्हणजे जिचा कोड सर्वांसाठी उघडा असतो अशी, घेतली. २०२३ आणि २०२४ असे काजूचे दोन हंगाम आम्ही तिच्यावर काढले. या प्रणालीत कोणकोणत्या सोयी आहेत याची माहिती कुठेही मिळते. ती घेतल्यावर काट्यावर बसणाऱ्या माणसाचे, सोलणीच्या बायकांचे आणि मालकांच्या शब्दाचे काय होते, हे मात्र आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याविषयी आहे.

ज्यांनी नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने तयार केली आहे. कंपनी २००८ ची. संस्थापक रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी प्रणाली बसवण्याच्या खटपटीतून हे काम हाती घेतले. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन आणि हिशेब हे सर्व तिच्यात एकत्र येते. पगाराचा भाग चौदाव्या आवृत्तीपासून फ्रॅपे एचआर या वेगळ्या ॲपमध्ये गेला आहे, आणि जीएसटी व ई-वे बिलासाठी इंडिया कंप्लायन्स हे आणखी एक ॲप जोडावे लागते. परवाना जीपीएलचा, तिसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे २००७ साली आलेला आहे. या परवान्यानुसार प्रणाली कोणीही चालवावी, तिचा कोड वाचावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. दुसऱ्याला देताना मात्र त्यालाही हेच हक्क द्यावे लागतात. स्वतःच्या कारखान्यापुरता बदल केला तर तो जगाला दाखवण्याचे बंधन नाही. ही शेवटची गोष्ट मालकांना समजावण्यात माझे दोन दिवस गेले, कारण मुक्त स्रोत म्हटल्यावर आपले काजूबीचे खरेदीभाव शेजारच्या कारखानदाराला दिसणार, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. उघडा असतो तो कोड. वही आपली आपल्याच कपाटात राहते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो समजण्यासाठी आमचे काम कसे चालते हे सांगणे आवश्यक आहे. वाफवलेली, थंड केलेली बी कटिंगला जाते, निघालेला गर ड्रायरमध्ये सुकतो, आणि मग तो सोलणीला येतो. सोलणीला आमच्याकडे २८ बायका आहेत. त्यांची मजुरी किलोवर आहे. संध्याकाळी प्रत्येकीचा सोललेला गर काट्यावर जातो, काटेवाला आकडा सांगतो आणि मुकादम तो संगणकात भरतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वजनाच्या रकान्यात दशांश चिन्हानंतर एकच आकडा बसत असे. पुढचे आकडे ते गाळून टाकत असे. दहा-बारा वर्षे हे असेच चालू होते आणि कार्यालयात बसणाऱ्या कोणालाही, मलाही, त्यात काही वावगे वाटले नव्हते.

पहिल्यांदा विचारले ते सोलणीतल्या एका वयस्क काकींनी. आठवड्याची यादी भिंतीवर लावली होती, तिच्यासमोर त्या चष्मा पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काट्यार सात किलो चारशे सत्तर दाखवलान, कागदार सात किलो चारशेच. वयले सत्तर ग्रॅम खय गेले?" मुकादमाने नेहमीचे उत्तर दिले, "काकी, सिस्टीम घेणा नाय."

"सिस्टीम घेत नाही" हे वाक्य बँकेत, तलाठी कार्यालयात, रेशनच्या दुकानात आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याला उलटून प्रश्न विचारण्याची सवयच मोडली आहे. त्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेतली. गाळले जाणारे आकडे कधी १० ग्रॅम तर कधी ९० ग्रॅम असणार. सरासरी ५० ग्रॅम धरले, २८ बायका, महिन्याचे २५ दिवस, तर महिन्याला ३५ किलो गराची सोलणी कोणाच्याही खात्यावर पडत नव्हती. चोरी कोणी केली नव्हती. रकाना अरुंद होता, इतकेच. जुने सॉफ्टवेअर देणाऱ्यांना फोन केला तेव्हा तो रुंद करण्याचे त्यांनी १८,००० रुपये आणि सहा आठवडे सांगितले, आणि मालकांनी विषय बाजूला ठेवला. आमच्या बदलाचे खरे कारण हे नव्हते, ते वार्षिक शुल्काचे होते; परंतु बदल झाल्यावर सर्वांत आधी जी गोष्ट वर आली ती हीच.

ईआरपीनेक्स्टमध्ये स्वतःचा नवा फॉर्म कोडची एकही ओळ न लिहिता, ब्राउझरमध्येच तयार करता येतो. आम्ही नुकताच नेमलेला संगणकाचा मुलगा, सावंतवाडीकडचा, त्याने "सोलणी वजन" नावाचा फॉर्म एका दुपारी उभा केला. कामगाराचे नाव, तारीख, वजन, लॉट. अपूर्णांकाची मूळ मांडणी तीन दशांश स्थळांची होती, म्हणजे ग्रॅमपर्यंत. मुलाने मालकांना सहज विचारले, "तीन ठेवू की एक?" मालक काही क्षण गप्प राहिले. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. तो दूरच्या कुठल्या तरी शहरात, काजू कधी सोलला नसलेल्या माणसाने त्यांच्या वतीने सोडवून टाकलेला होता. आता तो त्यांच्या टेबलावर आला होता आणि उत्तर काहीही दिले तरी ते त्यांचेच उत्तर ठरणार होते. आठ दिवसांनी त्यांनी तीन सांगितले. मागील वर्षांच्या फरकाविषयी त्यांनी काही केले नाही आणि मीही त्यासाठी जोर धरला नाही, हेही येथे लिहिले पाहिजे.

मुक्त स्रोत प्रणालीचा व्यवस्थापनावर काय परिणाम होतो, असे मला कोणी विचारले तर मी हाच प्रसंग सांगतो. खर्च, वेग, अहवाल या गोष्टी दुसऱ्या क्रमांकावर येतात. बंद सॉफ्टवेअरमध्ये कारखान्याचे अनेक नियम कोणीच केलेले नसतात. ते पेटीतून तयार येतात आणि मालक, कारकून, मुकादम सगळेच त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. कोड उघडा झाला की ती सोय जाते. किती मिनिटे उशीर झाल्यावर अर्धा दिवस कापायचा, उचल किती हप्त्यांत वळती करायची, रविवारी आलेल्या बाईचा दर काय, या प्रत्येक रकान्यामागे एक माणूस उभा राहतो, आणि बायकांना तो माणूस कोण हे चांगले ठाऊक असते.

दुसरा बदल मुकादमाच्या बाबतीत झाला. पूर्वी भरलेला आकडा नंतर बदलता येत असे आणि बदलाचा माग राहत नसे. ईआरपीनेक्स्टमध्ये नोंद एकदा सबमिट केली की ती खोडता येत नाही. ती रद्द करावी लागते, दुरुस्त नोंद नव्याने करावी लागते, तिच्या क्रमांकापुढे "-१" लागतो आणि रद्द झालेली जुनी नोंद सर्वांना दिसत राहते. ज्या कंपन्या कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा असा माग १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारकच झाला आहे. आमची भागीदारी संस्था असल्याने आमच्यावर ती सक्ती नाही, पण सोलणीच्या वजनाला आम्ही हीच शिस्त लावून घेतली. मुकादमाला ती पहिले तीन महिने अजिबात रुचली नाही. तो वाईट माणूस नाही. एखादीचे वजन कमी भरले तर दुसऱ्या दिवशी थोडे वाढवून लिहायचे, असा त्याचा एक खासगी न्याय होता आणि त्या न्यायावर त्याचा मान टिकून होता. तो न्याय गेला. काही बायकांनाही तो गेल्याचे वाईट वाटले, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

तिसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. छपाईचा नमुना या प्रणालीत आपल्याला हवा तसा बनवता येतो, आणि मराठीतून बनवायला काही अडचण येत नाही. मुलाने पडद्यावरचे शब्दही बदलून दिले. "एम्प्लॉयी"च्या जागी "कामगार", "वेअरहाऊस"च्या जागी "गोडाऊन". रोज संध्याकाळी प्रत्येक बाईला तिच्या वजनाची दोन बोटे रुंद चिठ्ठी छापून द्यायची, असा प्रस्ताव मी मांडला तेव्हा मालकांनी कागदाच्या रोलचा खर्च विचारला. खर्च नगण्य होता, तरी होकार नाखुशीनेच आला. या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले ते खाली येईल.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की उघडा कोड हा कामगारांच्याच बाजूचा असतो. तसे मुळीच नाही, आणि हे आम्ही स्वतःच्या हाताने सिद्ध केले. २०२३ च्या मे महिन्यात मालकांनी कोणती बाई तासाला किती सोलते हे पाहायचे असे ठरवले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशी मागणी केली असती तर पुन्हा दरपत्रक आले असते आणि विषय पुन्हा मागे पडला असता. इथे मुलाने तो अहवाल चहाच्या सुट्टीनंतर बसून सायंकाळपर्यंत तयार केला, आणि दुसऱ्या दिवशी सोलणीच्या दालनात टीव्हीच्या पडद्यावर २८ नावे वरपासून खालपर्यंत लागली. पहिल्या आठवड्यात किलो वाढले. दुसऱ्या आठवड्यात ग्रेडिंगवरून निरोप आला की अख्खा गर कमी येतो आहे आणि पाकळी व तुकडा वाढला आहे. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात साधारण २२० ते २४० अख्खे गर बसतील असा मोठा दाणा, डब्ल्यू ३२० त्याहून लहान, दाणा अख्खा असेल तरच हे दर मिळतात आणि तोच दाणा फुटून पाकळी झाला की भाव उतरतो. नावाच्या क्रमाला घाबरून बायका घाईने सुरी चालवत होत्या. खालच्या पाच नावांत आमच्या त्या काकी होत्या, ज्यांच्या हातून दाणा जवळजवळ फुटतच नसे, आणि पडद्यावर त्यासाठी रकानाच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात पडदा बंद झाला. त्यात कोणाचे मनपरिवर्तन वगैरे नव्हते. तुकड्याचा हिशेब मालकांना कळला.

मला यातून जाणवले ते असे की "सिस्टीम घेत नाही" हे वाक्य जसे कामगारांना नाडत होते तसेच त्यांच्यावर एक पांघरूणही घालत होते, कारण ते मालकांनाही ऐकून घ्यावे लागत होते. प्रणाली आपल्या हातात आली की मनात आलेली गोष्ट सायंकाळपर्यंत भिंतीवर लागू शकते. मध्ये थांबवणारे कोणी राहत नाही. त्यामुळे अशी प्रणाली घेणाऱ्याने कोणता अहवाल काढायचा नाही, हेही आधी बसून ठरवलेले बरे.

खर्चाविषयी थोडक्यात. परवान्याचे शुल्क शून्य आहे. सर्व्हरसाठी आम्ही कार्यालयातच एक चांगला संगणक ठेवला, त्यावर उबुंटू या लिनक्स प्रकारच्या मुक्त कार्यप्रणालीची २२.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घातली, आणि जून ते सप्टेंबर वीज आणि इंटरनेट या दोघांचाही भरवसा नसल्यामुळे मोठा यूपीएस बसवला. क्लाउडवर ठेवण्याचा पर्याय आहे, पण मुसळधार पावसात केबल तुटली की वजने भरायची कुठे, हा प्रश्न आमच्यासाठी निर्णायक ठरला. जुन्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क वाचले आणि ते जवळजवळ जसेच्या तसे संगणकाच्या मुलाच्या पगारात गेले. मालकांनी एकदा मला विचारलेच, "तुमी लायसन फुकट म्हणतास, मगे ह्या पोराक पगार कसलो?" हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते, बचत म्हणावी असे फारसे काही हाती राहिले नाही. फरक इतकाच की पूर्वी जो पैसा जिल्ह्याबाहेर जात होता तो आता सावंतवाडीच्या एका घरात जाऊ लागला, आणि १८,००० रुपयांचे काम दुपारभरात होऊ लागले.

मात्र त्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. कुडाळ-सावंतवाडीकडे हिशेबनिसाच्या नोकरीसाठी टॅली आणि एमएस-सीआयटी विचारतात. ईआरपीनेक्स्ट येते असे सांगून येथे मुलाखतीत फारसे कोणी प्रभावित होत नाही. आमचे सीए देखील सर्व आकडे त्यांच्या ओळखीच्या मांडणीत मागतात, म्हणून मार्चअखेर आम्ही ते वेगळे काढून देतो. दुसरीकडे, जे शिकायचे ते कोणाच्या परवानगीवाचून घरच्या लॅपटॉपवर शिकता येते, आणि पुण्या-मुंबईत याच कामाला चांगली मागणी आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. दीड वर्षात त्या मुलाने पायथन आणि डेटाबेसचे काम इतके आत्मसात केले की जून २०२४ मध्ये तो पुण्याला गेला, आमच्यापेक्षा कितीतरी अधिक पगारावर. त्याला थांबवण्याचा नैतिक अधिकार आम्हाला नव्हता आणि आर्थिक ताकदही नव्हती. केरळमध्ये २००१ पासून शाळांतून संगणकशिक्षण सुरू झाले आणि पुढे ते मुक्त सॉफ्टवेअरवरच नेले गेले. कोल्लम हे तर काजूचे जुने केंद्र. तेथील कारखानदाराला लिनक्स पाहून न बिचकणारा कारकून मिळणे सोपे जात असावे, असा विचार त्या दिवसांत माझ्या मनात अनेकदा येऊन गेला.

जाण्यापूर्वीचा त्याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस तो सकाळी धावतच कार्यालयात आला. एक्सझेड या फाइल आकसण्याच्या साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता, आणि अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो एवढ्या संशयावरून तो सापडला होता. बिघडवलेल्या आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ अशा होत्या. आमच्या उबुंटूवर त्याहून जुनी होती, त्यामुळे आम्ही सुरक्षित होतो. पण त्याने पुढे जे सांगितले ते माझ्या लक्षात राहिले. ते साधन वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात, पगाराशिवाय सांभाळत होता, तो थकला होता, आणि मदतीला आलेल्यानेच घात केला. आमच्या मालकांनी ज्या शून्य शुल्काचे कौतुक केले होते त्याच्या दुसऱ्या टोकाला असा कोणी बसलेला असतो. किलोवर मजुरी घेणारी बाई निदान काट्याकडे बोट दाखवू शकते. यानंतर मी मालकांकडे वर्षाला ठरावीक रक्कम मूळ प्रकल्पांना देण्याचा विषय काढला. पहिल्या वर्षी काही झाले नाही, दुसऱ्या वर्षी छोटी रक्कम मंजूर झाली.

आता आमची फजिती. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. चतुर्थीच्या आधी आमच्याकडे उचल आणि मजुरी चुकती करावी लागते; त्यात एक दिवसाचाही उशीर चालत नाही, कारण सगळा बाजार त्याच पैशावर व्हायचा असतो. मुलाच्या जागी आलेली नवी मुलगी, कुडाळच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली, हुशार होती पण नवखी होती. चौदावरून पंधराव्या आवृत्तीवर जाण्याचे काम सुट्टीपूर्वी उरकून टाकू, असा उत्साह मीच दाखवला. तिने शंका काढली होती. ती मी ऐकली नाही. अद्ययावत करताना काम अर्ध्यावर अडकले. कारण असे की आधीच्या मुलाने काही बदल वेगळ्या ॲपमध्ये ठेवण्याऐवजी घाईत मूळ कोडमध्येच केले होते, आणि त्यातील एकही बदल कोठे लिहून ठेवलेला नव्हता. फ्रॅपेच्या पद्धतीत असे बदल स्वतंत्र ॲपमध्ये ठेवायचे असतात आणि ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. दोष पूर्णपणे आमचा. बॅकअप रोज होत होता, पण तो त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर. तारीख ४ सप्टेंबर, बाहेर पाऊस, आणि सोलणीच्या महिन्याभराच्या वजनांपैकी एकही पडद्यावर येईना.

त्या रात्री मुलाला पुण्याला फोन केला. तो आमचा नोकर राहिलेला नव्हता, तरी त्याने दोन तास दिले आणि काय कुठे बदलले हे आठवून आठवून सांगितले. बंद सॉफ्टवेअरमध्ये आपण कंपनीच्या हातात असतो असे आम्ही म्हणत होतो; येथे आम्ही एका चोवीस वर्षांच्या मुलाच्या स्मरणशक्तीच्या हातात होतो. तरीही दोन दिवसांत काही होणार नाही हे स्पष्ट झाले. शेवटी मुकादमानेच, ज्याला ही प्रणाली सर्वांत कमी आवडली होती, मार्ग सुचवला. "बायकांकडे चिठ्ठ्ये असतले," तो म्हणाला.

होत्या. कोणी पिशवीत गुंडाळून ठेवल्या होत्या, कोणी तांदळाच्या डब्यात, आमच्या काकींनी तारखेच्या क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. ५ सप्टेंबरला सकाळपासून आम्ही २८ बायकांच्या चिठ्ठ्या जमवल्या, लिबर ऑफिसच्या कॅल्क या कोष्टकांच्या प्रोग्राममध्ये हाताने भरल्या, आणि ज्या दिवसांची चिठ्ठी हरवली होती त्या दिवसांसाठी बाईने सांगितलेला आकडा मालकांनी मान्य केला. ६ तारखेला दुपारी पैसे वाटले. चतुर्थीनंतर जुन्या बॅकअपमधून प्रणाली पूर्ववत उभी राहिली तेव्हा मी दोन्ही बेरजा ताडून पाहिल्या. तोंडी सांगितलेल्या आकड्यांसकट सर्व धरून फरक एक किलोच्या आत होता.

लिबर ऑफिसचा उल्लेख आला आहे तर त्याविषयी चार ओळी. २०१० मध्ये ओपन ऑफिसपासून वेगळे झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर आम्ही सर्व टेबलांवर घातले आहे आणि पत्रे, कोष्टके, मराठी मजकूर यासाठी ते पुरेसे आहे. आमची जुनी मराठी पत्रे युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली असल्याने ती उघडताच चिन्हांचा खच दिसे. ती पुन्हा टाइप करावी लागली. काही कार्यालयांची मॅक्रो असलेली कोष्टके आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांसाठी एक विंडोज संगणक अजून ठेवला आहे, आणि तो नजीकच्या काळात हलेल असे दिसत नाही.

व्यवस्थापनाला झालेला निखळ लाभ सांगायचा तर तो लॉटनिहाय उताऱ्याचा. कोणत्या गावची, कोणत्या जातीची बी, किती दिवस सुकवलेली, आणि तिच्यातून शंभर किलोला किती गर निघाला, हे आता खरेदीच्या पावतीपासून डब्यापर्यंत एका साखळीत दिसते. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या आमच्याच तालुक्यातील संशोधन केंद्राच्या जातींची बी पूर्वी एकाच ढिगात जात असे. आता वेगळी जाते आणि तिचा भावही वेगळा ठरतो. बागायतदारांनाही तो आकडा दाखवता येतो, त्यामुळे भावावरची हुज्जत कमी झाली आहे.

कोणी घ्यावी? ज्यांच्याकडे दहाच्या आत माणसे आहेत त्यांना ही प्रणाली मोठी पडेल. तिचे फॉर्म भरगच्च आहेत आणि अर्धे रकाने लपवल्याशिवाय मुकादमासारखा माणूस त्यासमोर बसत नाही. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत, एवढेच कारण आहे, त्यांनीही घेऊ नये. ज्यांच्याकडे पगार देऊन ठेवलेला एक माणूस, त्याच्या हाताखाली शिकणारा दुसरा, आणि केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवायची वही आहे, त्यांनी जरूर घ्यावी. आवृत्ती बदलण्याचे काम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, रिकाम्या गोडाऊनच्या दिवसांत करावे. माझ्या बाजूने पाचापैकी चार गुण. एक कापला तो आमच्याच उतावीळपणासाठी, त्यामुळे तो प्रणालीच्या नावावर धरू नये.

सध्याची स्थिती अशी आहे की नव्या मुलीने आमचे सर्व बदल वेगळ्या ॲपमध्ये हलवले आहेत. बॅकअपची डिस्क दर शनिवारी मालकांच्या घरी जाते, त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून. बायकांनी या हंगामासाठी एक मागणी ठेवली आहे: चिठ्ठीवर किलोबरोबर तुकड्याचे वजनही छापून यावे, म्हणजे जिचा दाणा अख्खा राहतो तिला दर थोडा वाढवून मागता येईल. फॉर्ममध्ये रकाना तयार करून ठेवला आहे, तीन दशांश स्थळांचा. मालकांचा होकार अजून यायचा आहे.